शिडाच्या गाडीला जमीन पाहिजे

२ मार्च

तारीख मिळाली. सोळा मे. हिच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलायचा आहे. डॉक्टर सज्जन आहेत, पण बोलताना आमच्याकडे न बघता एक्सरेकडे बघतात. ऑपरेशननंतर काय काय करायचं नाही याची यादी त्यांनी पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली. जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही.

हिने विचारलं, "जमिनीपासून वीतभर उंच गाडीत पाय पसरून बसलं तर?"

डॉक्टरांची नजर पहिल्यांदाच एक्सरेवरून हलली. "असली गाडी असते कुठे?"

"माझ्या भावाने केलीय."

"मग ती भावालाच चालवू दे. कायमची."

"आणि सोळा मेपर्यंत?"

त्यांनी एक्सरे खाली ठेवला. "दुखेल. पण जो सांधा काढूनच टाकायचाय त्याचं आणखी काय वाईट होणार? फक्त पडू नका."

हिने मान हलवली. 'पडू नका' तेवढं मीच ऐकलं असावं.

३ मार्च

कालचं नीट कळावं म्हणून मागचं लिहून ठेवतो. हिने बावीस वर्षं धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्या शिकवल्या. होडी कलली की क्षणात या बाजूचं त्या बाजूला व्हावं लागतं. दोन वर्षांपूर्वी खुबा अडला आणि ते संपलं. ही फार बोलली नाही. घरातले पडदे मात्र वाऱ्याने फुगले की ही हातातलं काम सोडून बघत बसायची. हिच्या धाकट्या भावाला हे दिसलं. तो ग्रिलं आणि फाटकं बनवतो, सगळे त्याला नटबोल्ट म्हणतात. त्याने पाइप वाकवून, स्कूटरची तीन चाकं लावून आणि मधे डोलकाठी उभी करून एक गाडी केली. इंजिन नाही. शीड आहे. पायाऐवजी हाताने वळवायची दांडी आहे. आम्ही तिला तिचाकी म्हणतो.

आता ती चालवायला जागा पाहिजे. रस्त्यावर चालत नाही, शेतात चालत नाही. कोरडं पडलेलं तळं पाहिजे, नाहीतर कडक वाळूचा किनारा. अडीच महिने आहेत. जागा शोधायचं काम मी अंगावर घेतलं. मोजणी खात्यात तेहतीस वर्षं घालवली, एवढीशी जमीन मला सापडणार नाही?

४ मार्च

नवी वही घेतली. तक्ता आखला. लांबी, रुंदी, उतार, कडकपणा, अडथळे, पोचण्याचा रस्ता, परवानगी. शेवटी शेरा. लाल शाईने रेघा मारल्या.

हिने तक्ता पाहिला. "एवढंच?"

मी म्हटलं सात रकाने कमी आहेत का, खात्यात पाचावर पूल बांधले जायचे. ही हसली आणि चहा टाकायला गेली.

९ मार्च

पहिला किनारा. पहाटे पाचला निघालो, कारण मोजणी करायची तर सकाळीच. ऊन चढलं की दुर्बिणीत जमीन थरथरते आणि वारा सुटला की पट्टी हलते. पट्टी नटबोल्टने धरायची, दुर्बिणीतून मी वाचायचं, असं ठरलं आहे. ही टेम्पोत पुढे बसून.

ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी कडक होती, पण ती एकशे दहा मिनिटंच टिकते. उतार तीसला एक. वर नांगरलेल्या होड्यांचे दोर किनाऱ्यावर आडवे पसरलेले. एक मासे विकणारी बाई टोपल्या धूत होती. तिला मी नम्रपणे विचारलं, दोर एक दिवस काढता येतील का.

"दोर काढा म्हणता? मग होड्या तुमच्या घरी बांधू का?"

परत येताना टेम्पो रुतला. त्याच बाईच्या दिराने ट्रॅक्टरने ओढून काढला आणि पूर्ण वेळ तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नापास.

२१ मार्च

दुसरा किनारा लांबच लांब, दोर नाहीत, उतारही चालण्यासारखा. घोडं अडलं ते परवानगीवर. कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला. "वाहन आहे?"

"तसं नाही. शिडाची गाडी आहे."

"चाकं आहेत?"

"तीन."

"म्हणजे वाहन. इंजिन नंबर लिहा."

"इंजिन नाही."

"मग वाहन कसं? शीड आहे म्हणता, म्हणजे नौका. बंदराच्या कचेरीत जा."

बंदराची कचेरी सहा मैलांवर. तिथल्या साहेबांनी विचारलं, "पाण्यात जाते?" मी म्हटलं नाही. "मग इथे कशाला आलात?"

पुन्हा पहिल्या खिडकीवर. तोपर्यंत कारकून जेवायला गेला होता. मीही सरकारी माणूस होतो. माझ्याही खिडकीसमोर लोक असेच उभे राहिले असतील. हे आठवलं म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही.

२८ मार्च

अर्ज परत आला. त्या किनाऱ्यावर पक्षी अंडी घालतात, ऑगस्टपर्यंत बंद. याला काय म्हणणार. पक्ष्यांची तारीख आमच्या आधी ठरलेली. नापास.

ही आता जिना चढताना मधे दोनदा थांबते. गेल्या महिन्यात एकदाच थांबायची.

५ एप्रिल

पहिलं कोरडं तळं. नकाशात अडीच किलोमीटर. जाऊन पाहतो तो वीटभट्टीवाल्यांनी निम्मं तळं खणून नेलेलं. उरलेल्यात पुरुषभर खोल खड्डे. नटबोल्टने पट्टी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "भावोजी, नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं. आपल्याला अंगणच सापडेना."

मी हसलो नाही. वीस किलोमीटर गेल्यावर ही एकटीच खुदकन हसली.

१२ एप्रिल

आजचा दिवस फुकट गेला. माळावरचं मोठं तळं, चार किलोमीटर लांब, नकाशात सर्वांत आशेचं. वाटेत टेम्पोचं चाक बसलं त्यामुळे पोचायला अकरा वाजले, आणि तोवर असा काही वारा सुटला होता की विचारू नका. पट्टी उभी राहीना. नटबोल्ट तिला मिठी मारून उभा राहिला तरी आकडे डोलत होते. माझी टोपी उडाली ती उडालीच. दुर्बिणीची तिपाई दोनदा कोलमडायची वाचली. चार बिंदू घेतले, चारही विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. तळाचा चिखल वाळून तडकलेला, भेगा दोन दोन बोटं, कडा वर वळलेल्या. चाक आपटणारच.

ही टेम्पोतून उतरून काठी टेकत तळ्याच्या बरीच आत गेली. मी दोनदा हाका मारल्या. ऐकलंच नाही. डोळे मिटून उभी होती, स्कार्फ अंगापासून आडवा फडफडत होता. धुळीने खोकला येईल म्हणून मी आणायला गेलो, तर म्हणाली, "पाच मिनिटं थांबा ना." पाचाची पंचवीस झाली. मी इकडे आकड्यांशी झगडतोय आणि हिला हवा खायची आहे. परतताना मात्र वाटभर गुणगुणत होती.

शेरा: वाऱ्यामुळे मोजणी अपूर्ण. नापास.

१४ एप्रिल

भांडण झालं. ही म्हणाली, "माळावरचं तळं काय वाईट होतं?" मी भेगांची मापं वाचून दाखवली. ही म्हणाली, "मी कधी सपाट पाणी बघितलंय का?" मी म्हटलं पाण्यावर पडलं तर हाड मोडत नाही. यावर तिने पेपर उचलला. तासाभराने बघितलं तरी तेच पान.

चौतीस दिवसांत चार जागा आणि चारही नापास. खात्यात माझ्या हाताखालच्या कोणी असा अहवाल दिला असता तर मी तो फेकला असता.

२३ एप्रिल

सापडली. शेवटी सापडली.

डोंगरांच्या मधलं मिठाचं तळं. तीन बाजूंनी डोंगर, पूर्वेला जेमतेम उघडं. अगदी वाटीत ठेवल्यासारखी जागा. तळ पांढरा, टाच आपटली तर ठसा उमटत नाही. सहा इंची खिळा हातोडीच्या चौथ्या घावाला आत गेला. एक भेग नाही, एक दगड नाही. नटबोल्ट तीनशे पावलांवर पट्टी धरून उभा होता आणि आकडा असा दिसत होता की छापलेला. तेहतीस वर्षांत पट्टी इतकी स्थिर कधी पाहिली नाही.

तिथे मिठाच्या गोदामाचा एक म्हातारा रखवालदार आहे. त्याने उघड्यावर तीन दगडांवर चहा ठेवला. एकाच काडीत जाळ पेटला. धूर सरळ वर गेला, ओळंबा लावून बघावा असा. मी विचारलं, इतकी गुळगुळीत कशी राहिली ही जागा? तो म्हणाला, "इथे काही येतच नाही, साहेब."

दोरीवर त्याचा सदरा वाळत होता. परवा धुतलाय म्हणाला.

२५ एप्रिल

तीन सकाळी लागोपाठ जाऊन दोनशे चाळीस बिंदू घेतले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चढउतार चार अंगुळं. चार अंगुळं! मी हिला आकडे वाचून दाखवले. ही पलंगावर पाय वर करून बसली होती.

"डोंगर किती उंच?" तिने विचारलं.

"एकशे चाळीस मीटर. सगळीकडून जवळजवळ सारखे." हे मला अचूक माहीत होतं याचा आनंद झाला.

"तुम्ही दुपारी थांबलात का कधी?"

"दुपारी दुर्बिणीत काय दिसणार?"

"हं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "किती दिवसांनी असे खूश दिसताय." आणि उठून, दुखत असताना, स्वतः चहा करून आणला.

६ मे

गोदामाच्या मालकाची परवानगी आली. अकरा दिवस लावले. सोळाला दहा राहिले. पण जागा अशी की हरकत नाही. नटबोल्टने गाडीला लाल रंग दिला आहे. परवा जायचं.

८ मे

पहाटे निघालो. नऊपर्यंत गाडी जोडली, डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून हिला बसवलं, हेल्मेट घातलं. तिने दोर हातात घेतला.

शीड लोंबत राहिलं.

दहा वाजले. अकरा वाजले. नटबोल्टने बोट ओलं करून वर धरलं, मग दुसरं बोट. बारा वाजता रखवालदार चहा घेऊन आला आणि शिडाकडे बघत उभा राहिला.

"साहेब, तुम्हाला वारा हवा होता होय? मला वाटलं मोजायला जागा हवी होती."

"इथे कधी सुटतो?" नटबोल्टने विचारलं.

"सुटतो की. डोंगरापलीकडे."

ही सहा तास त्या गाडीत बसून होती. एकदाही दोर सोडला नाही. तीन वाजता म्हणाली, "आता उतरवा, पाय बधिर झाला." उतरवताना तिने माझा दंड असा आवळला की अजून दुखतोय.

९ मे

पुन्हा गेलो. वारा नाही.

१० मे

पुन्हा. दुपारी एक झुळूक आली, शीड एकदा हललं, गाडी हातभर पुढे सरकली आणि थांबली. ही म्हणाली, "चला, हातभर तर हातभर." तिला माझी कीव आली होती. तेवढं मला कळतं.

मी एवढा मूर्ख कसा? साधी गोष्ट आहे. गाडी वाऱ्यावर चालते. नऊ वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मी सात रकाने आखले आणि वारा राहिला. त्यातून वारा नसेल तेव्हाच बघायला जायचो, वारा आला की चिडायचो. कोणाला सांगायचीही सोय नाही.

११ मे

सकाळी ही म्हणाली, "ती मोजणीची वही द्या."

मी म्हटलं आता कशाला. तिने हात पुढे करून ठेवला. चष्मा लावून पानं उलटली. आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, नुसता शेऱ्याचा रकाना बोटाने वाचत गेली. बारा एप्रिलपाशी बोट थांबलं.

"इथे जायचं."

"तिथे भेगा आहेत. उतार माहीत नाही. मोजणीच झालेली नाही तिथली."

"अहो, जिथे पट्टी उभी राहत नाही तिथेच शीड चालतं."

"तुला कळलं होतं," मी म्हटलं. "मिठाच्या तळ्यावर वारा नसणार हे तुला तेव्हाच कळलं होतं."

"शंका होती. डोंगरातून दुपारी कधी कधी उतरतो, म्हटलं मिळेल. आणि तुमचा चेहरा इतका खुलला होता." वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "माझंच चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पंधरा दिवस गेले."

मग मी ओरडलो. भेगेत चाक अडकलं की गाडी उलटते. उलटली की तू पडणार. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय का. असं बरंच. ही शांतपणे ऐकत होती. त्याने मी आणखी ओरडलो.

खरं इथे लिहून टाकतो, दुसरं कोणी वाचत नाही. गेल्या वर्षी ही बाथरूममध्ये पडली तेव्हा मी बाहेर एकाच्या प्लॉटची हद्द बघायला गेलो होतो. दोन तास ही ओल्या फरशीवर पडून होती. मी आलो तेव्हा म्हणाली, "आलात? टॉवेल द्या." तेव्हापासून जमीन दिसली की मला ही पडलेली दिसते. किनारा असो, तळं असो, फुटपाथ असो. हे मी हिला कधी सांगितलं नाही. मेहुण्यालाही नाही.

संध्याकाळी नटबोल्टला फोन केला आणि भेगांची मापं सांगितली. तो म्हणाला, "भावोजी, स्कूटरची चाकं काढून जाड टायर घालतो. एक दिवस द्या." मग म्हणाला, "काखेत कळसा." पुढचं तो बोलला नाही याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

१३ मे

माळावरच्या तळ्यावर दहाला पोचलो. दुर्बीण नेली नाही. वारा होता. टेम्पोचं दार उघडलं की हातातून सुटत होतं.

गाडी जोडायला दोघांना तासभर लागला. शीड चढवताच ते ताठ झालं आणि गाडी आमच्या हातात ओढ घ्यायला लागली. ही बसली. दोर धरला, दांडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून बघितली. मी हेल्मेटचा पट्टा आवळत होतो. तिसऱ्यांदा आवळायला गेलो तेव्हा म्हणाली, "अहो, श्वास घेऊ द्या." तिने दोर ओढला आणि आम्ही हात सोडायच्या आत गाडी निघाली.

खडखडाट भयंकर होता. प्रत्येक भेगेवर चाक उडत होतं. नटबोल्ट "ताई, सांभाळ" म्हणत तिच्या मागे पन्नास पावलं धावला आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून थांबला. लाल ठिपका लहान होत गेला. दूर टोकाला वळला, परत आला, आमच्यासमोरून गेला. ही काहीतरी ओरडत होती. ते दुखण्याचं ओरडणं नव्हतं. मी तेहतीस वर्षांपूर्वी धरणाच्या बांधावर हद्दीचे दगड लावत असताना हा आवाज पाण्यावरून ऐकला होता, आणि कोण ओरडतंय हे बघायला काम सोडून उठलो होतो.

चौथ्या फेरीला टोकाशी गाडी कलली. एक चाक हवेत गेलं. शीड खाली आलं. मग काहीच हलेना.

मी धावलो. बासष्टाव्या वर्षी दीड किलोमीटर धावलो. धावताना देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. पोचलो तर गाडी आडवी आणि ही तिच्यात आडवी, पट्ट्यात अडकलेली, कोपर सोललेलं, तोंड धुळीने पांढरं. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कुठे लागलं?"

"कोपराला."

"खुबा?"

"तो तर दुखतोच. गाडी उभी करा."

मी गाडी उभी केली. ही आतच होती. मी पट्टा सोडायला वाकलो, तर तिने माझा हात धरला.

"सोडू नका. इथे चिखल मऊ आहे, गाडी आपली आपण निघणार नाही. मागून ढकला."

"बास झालं आता. झाल्या ना चार फेऱ्या."

"अहो," ती म्हणाली. "सोळा तारखेपासून मी सगळी तुमच्याच हातात आहे. उठवायचं तुम्ही, बसवायचं तुम्ही. आज ढकला."

मी मागे गेलो. दोन्ही हात पाठीमागच्या पाइपवर ठेवले आणि ढकललं. चाकं रुतली, सुटली. मी चालता चालता धावायला लागलो. छातीत दुखत होतं, बूट भेगेत अडकत होते, ही पुढून "अजून, अजून" म्हणत होती. मग शिडाने वारा धरला आणि पाइप माझ्या हातांतून निसटला.

मी पुढे केलेले हात तसेच ठेवून उभा राहिलो. गाडी दूर गेली. नटबोल्ट टेम्पोजवळून हात हलवत होता, त्यालाही मागे टाकून गेली. टोकाला वळली आणि सरळ माझ्याकडे यायला लागली. मला वाटलं, आली, आता थांबेल. वीस पावलांवर आल्यावर मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. तिने माझ्याकडे बघितलं, दांडी वळवली आणि पुन्हा गेली.

हाक तोंडाशी आली होती. मारली नाही.